भागाबाईची हिरवी केळी

धुळ्याच्या आमच्या गिरणीत बोनससाठी संप झाला, तेव्हा फाटकावरची संपकऱ्यांची चूल भागाबाई सांभाळायची. जपानच्या गिरणी कामगारांची पाठिंब्याची तार आली, ती तिनं चुलीमागच्या भिंतीला चिकटवली. सावद्याच्या हमालांनी ट्रकभर केळी धाडली, तीही हिरवीकच्च! दिल्लीला पोचेपर्यंत पिकावीत म्हणून ते जन्मभर कच्चीच केळी रेल्वेत भरत आलेले. दुसरं सुचणार काय? भागाबाई पोट धरून हसली. तिनं रोज केळ्यांची भाजी रांधली, उरलेली पिकायला घातली. ती पिकली त्याच दिवशी मालक नमला.

पुढच्या वर्षी सावद्याचे हमाल संपावर गेले. भागाबाई डोक्यावर भरिताचं पातेलं आणि हातात भिंतीवरून सोडवलेली तीच जपानची तार घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "तुम्हनी केळी कच्ची व्हती, आम्हनं शिजेल शे, भाऊ."