डॉर्कसने न कापलेलं गवत

चर्चच्या दफनभूमीतलं गवत डॉर्कस पेग कापायची. लांब दांड्याचा विळा, पायात नवऱ्याचे जुने बूट. पाद्रीबाबांनाही ती बिनदिक्कत सुनवायची.

लग्न होऊन मी नॉरफकच्या या खेड्यात आले, त्या शरदातली गोष्ट. शेजारच्या ईनिडबाईंकडे चहाला बसले होते. एकदम त्या शहारल्या, कप बशीवर खडखडला. म्हणाल्या, "माझ्या थडग्यावरून कुणीतरी चाललं."

माझा चेहरा बघून त्या हसल्या. "अगं वेडे, उगाच काटा आला अंगावर की असं म्हणतात इथं. नुसतं बोलणं ते!"

खिडकीतून मला डॉर्कस दिसत होती. यूच्या झाडाखालचं गवत कापत होती. तिथे एकही थडगं नव्हतं.

पुढच्या खेपेला डॉर्कस यूखाली गेली तेव्हा तेच, त्यानंतरही तेच. शेवटी मी डॉर्कसला सांगितलं.

"खिडक्या सताड उघड्या टाकते, काकडणारच म्हातारी!" ती म्हणाली. पण माझी खात्री पटवायला तयार झाली. "तू बस तिच्यापाशी. मी तिथे फेऱ्या मारते."

मी ईनिडबाईंना खिडकीकडे पाठ करून बसवलं आणि लोकरीचा गुंडा हातात दिला. बाहेर डॉर्कस चालू लागली. तिच्या पावलागणिक बाईंचे खांदे दचकत होते. गुंडा खाली पडला. डोळे मिटून त्या कळवळल्या, "तिला थांबव गं, पोरी."

कुणाला, ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

डॉर्कसने त्या कोपऱ्यात पुन्हा पाऊल टाकलं नाही. गवत कमरेएवढं वाढलं. पाद्रीबाबा रागावले, तर म्हणाली, "तुम्ही कापा. मी नाही."

ईनिडबाई बरीच वर्षं जगल्या. त्यांची जागा नवऱ्याशेजारी राखलेली होती, पण त्या गेल्या त्या हिवाळ्यात तिथे खणलं की पाणी लागायचं. मग पाद्रीबाबांनी यूखालची जागा दिली. तिथलं गवत डॉर्कसनेच कापलं. बूट काढून, अनवाणी, बर्फात.

त्यानंतर तिने विळा टाकला तो टाकलाच. दफनभूमीच्या वाटेनेही जाईना. शेवटच्या आजारात मला जवळ बोलावून म्हणाली, "मला जाळा, आणि राख समुद्रात सोडा. तिथे कोण चालतंय?"

आम्ही तसंच केलं. ओहोटी होती, राख हळूहळू आत गेली.