भुऱ्याची साक्ष

बिरसीच्या लखनलाल रहांगडालेंना सगळं गाव 'सीआयडी' म्हणायचं. हे त्यांनाही माहीत होतं. फक्त हे नाव पहिल्यांदा ठेवलं कोणी, याचा त्यांचा तपास अजून चालू होता.

शेजारच्या बांधीत, म्हणजे खाचरात, धान जोरात दिसलं, की आपला धुरा, म्हणजे मातीचा बांध, फोडून कोणीतरी पाणी पळवलं, हे त्यांचं ठरलेलं. कोणी हसून बोललं तर काहीतरी मागायला आला. न हसता गेला तर काहीतरी करून गेला! आता अशा माणसाशी बोलावं तरी कसं, सांगा. संशयानं माणूस वाळतो म्हणतात. साफ खोटं. लखनलाल साठीतही ठणठणीत होते आणि दोन वेळा पोटभर भात खात होते, फक्त भाजीत मीठ जास्त का पडलं याची चौकशी करून.

भरवसा होता तो एकाच जिवावर. भुऱ्यावर. मातकट रंगाचा, एका कानाला चीर गेलेला हा कुत्रा म्हणजे त्यांचा पक्का साक्षीदार. कोणी फाटकात आलं की लखनलाल भुऱ्याची दोरी हातात धरून ओसरीवर उभे राहायचे. भुऱ्या गुरगुरला की निकाल लागला. "मुकं जनावर आहे, खोटं काऊन बोलंन?" असं म्हणून त्यांनी दूधवाला बदलला, बियाणांचा एजंट परत पाठवला. इथवर ठीक होतं. पण एका दसऱ्याला सख्खा धाकटा भाऊ केवलराम सोनं घेऊन पाया पडायला आला, भुऱ्यानं दात दाखवले, आणि लखनलाल म्हणाले, "याच्या पोटात काय आहे ते कुत्र्याले समजलं." शेताची वाटणी नुकतीच झाली होती, मनं तशीच आंबलेली. केवलराम आपट्याची पानं तिथंच फाटकावर ठेवून गेला, तो पुन्हा आला नाही. गल्ली ओलांडली की त्याचं घर. तरी नाही.

आणि आता त्यांच्या मुलीसाठी, गुंजनसाठी, स्थळ आलं, तेही नेमकं केवलरामच्या बायकोच्या माहेरचं. सौंदडचा तिलक कटरे, राईस मिलमध्ये मशिनीवर. गुंजन गोंदियाला जनावरांच्या औषधांच्या दुकानात कामाला. तिलक एकदा बैलाचं औषध न्यायला आला, मग बैल बरा झाल्यावरही येत राहिला. पोरीला मुलगा मनापासून आवडला होता. लखनलालना मात्र यात भावाचा हात दिसत होता.

पाहुणे आले. लखनलालांच्या बायकोनं, फुलवंताबाईंनी, पाय धुवायला लोट्यात पाणी दिलं, तिलक वाकला, आणि दोरीला हिसका देऊन भुऱ्या असा काही गुरगुरला की तिलकच्या हातातला लोटा पडला. झालं! चहा झाला, पोहे झाले, पण लखनलालांचं तोंड उघडलं नाही. पाहुणे गेल्यावर उघडलं. "नाही जमत. सौंदडले निरोप देऊन टाका."

"कुत्र्यानं नवरदेव पसंत कराचा का?" फुलवंताबाई कडाडल्या. "माझ्या वक्ती कुत्रा नोहोता, म्हणून तुमी आत आले!"

गुंजन रडली नाही. रडली असती तर बाप म्हणाला असता, नाटक करून राहिली. ती समोर येऊन बसली. "बाबूजी, भुऱ्या तिलकवर चिडला नोहोता. तो भेला होता. आमच्या दुकानात डॉक्टर मॅडम येतात, त्या सांगतात. चिनी लोकाईत पाच तत्त्वं असतात, त्यावरून जनावराचा स्वभाव समजते. लाकडाचा कुत्रा सामोर राहते, कुरापती काढते. आगीचा सगळ्याईले चाटते. मातीचा खाते अन् सुखानं झोपते. धातूचा आपल्या शिस्तीनं राहते, कोणाच्या मंधात पडत नाही. अन् पाण्याचा भेते. पयले लपते, लपाले जागा नसली त दात दाखवते. आपला भुऱ्या पाण्याचा आहे."

लखनलालांचे डोळे बारीक झाले. "चायनाच्या मालाची गॅरंटी नसते. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, ही झाली पाच. यांनी वारा अन् आकाश कुठं गायब केलं? लाकूड कुठून आणलं?"

"आकाश बिरसीचे विमानवाले घेऊन गेले असतीन," फुलवंताबाई आतून म्हणाल्या.

"माझा भुऱ्या वाघ आहे. भेत नाही कोणाले."

तेवढ्यात गावाजवळच्या विमानतळावरच्या वैमानिक शाळेचं शिकाऊ विमान घरघरत कौलांवरून गेलं, आणि वाघ खाटेखाली शिरला. रोजच शिरायचा. आज पहिल्यांदा लखनलालना ते दिसलं, आणि त्यांना रागच आला.

त्या दिवसापासून त्यांनी कुत्र्यावरच पाळत ठेवली. चिनी शास्त्र खोटं पाडायचं तर पुरावा हवा. पण पुरावे उलटेच निघू लागले. भुऱ्या पाठीमागे कोणी असलं की जेवायचा नाही. ढग वाजले की तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात शिरायचा. आणि एक गोष्ट तर त्यांना अजिबात आवडली नाही: कोणीही आलं की भुऱ्या आधी आलेल्याकडे बघायचा नाही, मालकाच्या तोंडाकडे बघायचा. लखनलालना वाटलं, हाही आपल्यावर पाळत ठेवतो की काय!

"पाण्याच्या कुत्र्याले काय पायजे, बाबूजी?" गुंजन म्हणाली. "बांधीत पाणी कोण धरते? मातीचा धुरा. तसा जवळचा माणूस घट्ट अन् शांत पायजे. धुराच फुटका असला त पाणी कसं थांबंन?"

"म्हणजे मी फुटका धुरा?"

"एक डाव तिलकले परत बोलवा. दोरी माझ्या हातात द्या, अन् तुमी घरी राहू नोका."

लखनलाल लगेच कबूल झाले. इतके लगेच, की फुलवंताबाईंनी भुवई उचलली. ठरल्या दिवशी ते गोंदियाला जातो सांगून निघाले, गावाला वळसा घालून मागच्या बाजूनं आले, आणि स्वतःच्याच गोठ्यात शिरून बांबूच्या तट्ट्याच्या फटीला डोळा लावून बसले. मागून म्हैस मान चाटत होती. तिला नाही म्हणायची सोय नव्हती.

तिलक आला. गुंजन ओसरीवर दोरी सैल धरून उभी. भुऱ्यानं तिच्याकडे बघितलं, मग पुढं होऊन तिलकची चप्पल हुंगली, पँट हुंगली, आणि त्याच्या पायाशी अंग टाकून दिलं. वाघ म्हणे!

लखनलालांनी फटीला दुसरा डोळा लावून पाहिलं. आणि लगेच ठरलं: बिस्किट चारलं असंन लेकानं! ते गोठ्यातून बाहेर पडले, डोक्यावर तणस, मानेवर म्हशीची लाळ. "खिसे दाखवा, पावने!"

भुऱ्यानं मान वर केली, मालकाचं तोंड बघितलं, ताडकन उठला आणि तिलकवर गुरगुरू लागला. तिलक जागचा हललाही नव्हता. त्यानं गुपचूप दोन्ही खिसे उलटे केले. एक पाना निघाला, रुमाल निघाला. बिस्किट नव्हतं. गुंजनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी लखनलालना ते नाटक वाटलं नाही. त्यांना लाज वाटली. ते मटकन खाटेवर बसले. "बसा," ते म्हणाले. भुऱ्याही बसला.

तिलकनं खिसे परत आत सारले. तो आपला भला पोरगा, म्हणाला, "केवलरामकाका म्हणाले होते, दादाचा राग वरवरचा आहे, मनात धरू नको."

भावाचं नाव कानावर पडलं, आणि लखनलालांच्या कपाळावर जुनी आठी चढली. चढते न चढते तोच भुऱ्या उठला. केस ताठ, दात बाहेर, रिकाम्या फाटकाकडे तोंड करून तो गुरगुरला.

फाटकात कोणी नव्हतं. केवलराम नव्हता, त्याची सावलीही नव्हती. कुत्र्याला माणसाचं नाव काय कळणार? लखनलाल त्या रिकाम्या फाटकाकडे बघत राहिले, आणि आपट्याची पानं तिथंच ठेवून गेलेला भाऊ त्यांना दिसला. दोरी त्या दिवशीही त्यांच्याच हातात होती.

"गुंजन," ते म्हणाले, "कुत्र्याले धर. अन् पावन्याले जेवल्याबिगर जाऊ देऊ नोको."

फुलवंताबाई दारात आल्या होत्या. "तुमी कोठं चालले?"

लखनलाल फाटकाबाहेर पडले होते. गल्ली ओलांडून ते भावाच्या दारात उभे राहिले, रिकाम्या हातानं. केवलराम अंगणात धान वाळवत होता. भावाला बघताच तो दोन पावलं मागं सरला, आधी त्याच्या पायांकडे आणि मग मागच्या गल्लीकडे त्यानं नीट बघून घेतलं. डोळे बारीक, ओठ मिटलेले. ही नजर लखनलालना चांगली ओळखीची होती.

"कुत्रा कोठं आहे?" केवलरामनं विचारलं.

"घरी."

"मंग तू काऊन आला?"

"पोरीचं लगन जमवून राहिलो. काकाबिगर कसं जमंन? चाल घरी."

केवलराम हलला नाही. त्यानं हातातलं फावडं खाली ठेवलं नाही. "अन् भुऱ्या गुरगुरला त?"

"गुरगुरला," लखनलाल म्हणाले, "त दगड त्याले नोको मारू, केवल. मले मार."