उठा अण्णा, गाडी लागली

आत्याबाई दारात हुब्या, आन् मी आत एका मेलेल्या म्हाताऱ्याला मागून कवळा घालून बसवायले. माझी हनुवटी त्याच्या खांद्यावर, माझे दोनी हात त्याच्या छातीवर, त्याचं गार डोस्कं माझ्या गालाला लागलेलं. आत्याबाई मंजे माझी सासू. त्यांला ठाऊक काय, तर सून सरकारी दवाखान्यात बाळंतिनीच्या वार्डात कामाला हाय, लेकरांचे दुपटे धुती. दीड वरीस झालं, मीच तसं सांगत आले. आता हात सोडावा तर म्हातारा फरशीवर आपटतोय, न्हाई सोडावा तर माझा संसार आपटतोय.

थांबा, मी लई घाई करायले. आदी बंगारक्का सांगते, मग तुमाला कळंल मी तितं कशी घावले.

माझी शाळा सातवीत सुटली. लगीन होऊन मंठाळला आले, मालक हैदराबादला सेंट्रिंगच्या कामाला, पदरात लेक पुट्टी, तवा सात म्हैन्याची. तालुक्याच्या दवाखान्यात ठेक्यावर झाडायपुसायचं काम घावलं. बाळंतिनीच्या वार्डात मनून घेतलं, आन् पैल्याच दिवशी कारकून मनला, "पाठीमागं जा, लिंबाच्या झाडाखाली खोली हाय. बंगारक्काला मानूस पायजे." गेले की मी, पुट्टीला कडंवर घेऊन. जवळ जाते तर आतून बाईचा आवाज, भोंग्यासारखा खणखणीत, "मंठाळ, मंठाळ, मंठाळ! बसवकल्यान-मंठाळ! उठा अण्णा, गाडी लागली!"

मला वाटलं, चांगलं झालं, मागच्या गेटाला बस थांबती. संध्याकाळी घराला जायला बरं. मी दारातून इचारलं, "अक्का, मंठाळची बस हितनं निगती का?"

आतून उत्तर आलं, "निगती की. पर तुला चढायला टाइम हाय."

मी डोकावले. पांढऱ्या कपड्याखालून दोन पाय. मी जी पळाले, ती म्होरच्या गेटापतूर. एक चप्पल कुठं गेली, ठाऊक न्हाई. मागून एक ठेंगनी बाई, इरकली लुगडं, कपाळभर इभूती, तोंडात पान, हातात माझी चप्पल, झपाझपा आली. "घे. मेलेलं मानूस जागचं हलत न्हाई, जित्ती तू कामून पळायलीस?" आन् पुट्टीकडं बगून हसली. पुट्टी, जी परक्या बाईला बगून किंचाळती, ती तिच्याकडं गेली. आता लेकरू तिच्याकडं, मी कुठं पळू?

तर ही बंगारक्का, मुडद्याच्या खोलीची. मेलेल्या मानसाला नेयाला घरचे आले, गाडी दाराला लागली, की ती त्याच्या कानाशी वाकून त्याच्या गावाचं नाव घ्यायची. करजगी असू दे, मन्नाएखेळ्ळी असू दे, मार्ग कंचा, सगळं बराबर. मी एकदा इचारलं, "अक्का, त्यांला ऐकू येतंय का?" तर मनली, "स्ट्यांडावर बसल्यात त्यांला तरी कुठं ऐकू येतंय? धा बार इचारत्यात. ह्यो एका बारीत जातोय."

तिला लहानपनी बीदरच्या बसस्ट्यांडावर गाड्या पुकारायची नोकरी करायची होती. बापासंगट गेली होती, काचंच्या आत माईकसमोर बाई बसलेली दिसली. "अगं जगदेवी, बाई आत नुसती तोंड हलवती, आन् भायेर समदं गाव गठुडी घेऊन पळतंय! ह्याच्यापरीस मोठी नोकरी कंची?" पर शिकली चौथी. तिचा मालक ह्याच खोलीत कामाला होता, त्यो गेला, आन् सायबानं तिला बोलावून मनलं, मालकाची जागा हाय, घेतीस का? बंगारक्का काय मनली असंल? "माईक हाय का तितं?"

येनाऱ्या-जानाऱ्याला तिचे दोनच सवाल. सपनातली नोकरी कंची? आन् सपनात आली तर दचकून उठशील, अशी कंची? डाक्टर मनला, मला बासरी वाजवायची होती. हवालदार मनला, मला मिठाईचं दुकान. आन् दुसऱ्या सवालाला दोगं बी जरा लाजून तेच मनले, "अक्का, तुजी." बंगारक्का खदखदा हसायची. "बरं हाय की! माजी जागा कुनी मागत न्हाई. मंत्र्याची खुर्ची बी एवढी पक्की नसंल." खुर्ची कुठली, पालथ्या बकेटीवर बसायची बाई ती.

मला इचारलं तवा मी सांगितलं, मला ब्यांकेत बसायचं होतं, काचंच्या मागं, एसीत, धप्पधप्प शिक्का मारत. ती मनली, "मग झालंच की. एसी हितं बी हाय. आन् हितलं गिऱ्हाइक भांडत न्हाई."

पर काम करताना तिची चेष्टा बंद. कुनी आनलं की पैलं गळ्याला हात. गळ्यात लिंग हाय का बगायची. आमच्या लिंगायतांत मेलेल्या मानसाला मांडी घालून मातीत बसवत्यात, निजवत न्हाईत. हे आमच्याकडं लेकराला बी ठाऊक. पर दवाखान्यातली मानसं समद्यांला सरळ आडवं निजवून ठिवायची, आन् दोन-चार तासांत अंग लाकडावानी व्हतंय. तिच्या पैल्या वर्षी असंच एका म्हाताऱ्याला निजवलं. घरचे आले, बसवायला त्याचे गुडघे दाबले, आन् त्यो जो आवाज झाला, त्यो त्याच्या म्हातारीनं ऐकला. बंगारक्का एवढंच सांगायची, फुडं बोलायची न्हाई. त्या दिसापासून गळ्यात लिंग दिसलं की अंग नरम हाय तवाच मांडी घालून बसवायचं, पाठ भिंतीला, कपाळाला फडकं बांधून भिंतीतल्या कडीला अडकवायचं, मान सरळ. ती कडी तिनंच ठोकून घेतली. सायेब मनला, ही कशाला? "शेळी बांधायला," मनली. मुसलमान असला तर हनुवट बांधायची, पाय सरळ करायची, आन् त्याच्या घरच्यांला मनायची, "भाईजान, फिकर मत करो." समद्यांचं तोंड कोमट पान्यानं पुसायची. गार पानी कामून न्हाई, तर मनली, "तुला गार पानी मारलं तर बरं वाटतंय का?"

मला भ्या वाटायचंच. मी डोळे झाकून पाय धरायचे. ती वरडायची, "डोळे त्यानं झाकायचे, तू उघड!" आन् मनायची, "लई भ्या वाटलं तर त्याच्यासंगट बोल. उलटं बोलत न्हाई, ह्यो लई मोठा गुन हाय."

पुट्टीची झोळी लिंबाला बांधलेली. मी घरी कायबी सांगत नव्हते. आमच्यात इटाळ-सुतक मानत न्हाईत, असं आत्याबाईच समद्यांला सांगायच्या. पर बंगारक्काच्या घरी सनासुदीला कोन जात नव्हतं, तिच्या हातचा च्या कोन घेत नव्हतं, हे बी त्यांच्याच तोंडून मी ऐकलेलं. ती राहती त्या गल्लीचं नाव निगालं तरी त्या पदर तोंडाला लावायच्या. मग मी कसं सांगू? कळलं तर काम बंद, आन् मालकाला फोन, आन् मी म्हायेरी.

एकदा जीवच गेला माझा. दुपारी मामंजी जेवून ओसरीवर चादर वढून निजलेले. पुट्टी नुकती बोलायला शिकलेली. दुडूदुडू गेली, त्यांच्या कानाशी वाकली, आन् वरडली, "उता अन्ना, गाली लागली!" मामंजी दचकून उठले, कुठंय गाडी मनून चप्पल शोधायले. आत्याबाई हसून हसून बेजार. "कुठं शिकली गं ही?" मी मनलं, "स्ट्यांडावर." दुसऱ्या दिवशी बंगारक्काला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पानी. हसून आलं का कशानं, ठाऊक न्हाई. मनली, "बगितलंस? माज्या सपनातली नोकरी पुट्टी करनार."

मागल्या म्हैन्यात ती रिटायर झाली. शाल, नारळ, आन् डाक्टरनं आपली खुर्ची देऊन तिला पाच मिन्टं बसवलं. ती मनली, "सायेब, कडीला बांधू नका, मी अजून नरम हाय." समदे हसले. जाताना मला मनली, "जगदेवी, दोन हात हायत. भ्या वाटलं तर पाय पळू दे, हात सोडू नको."

पाय पळाले आन् हात राह्यले तर कसं व्हईल, हे मला आजून कळलं न्हाई. त्या दिवशी बी कळलं न्हाई.

सकाळी वार्डातून म्हातारा आला. बाजारात चक्कर येऊन पडला, दवाखान्यात आनून तासाभरात गेला. गळ्यात चांदीची पेटी, तिच्यात लिंग. मन्नाएखेळ्ळीचा, घरचे निगालेत, एवढंच वार्डबॉय सांगून गेला. मी एकटी. पुट्टी झोळीत. मी आदी भायेर जाऊन बसले, मग आत गेले, मग परत भायेर. मग घड्याळ बगितलं, आन् त्या म्हातारीनं ऐकला होता त्यो गुडघ्याचा आवाज माझ्या कानात यायला लागला. गेले आत. तोंड पुसलं, इभूती लावली, मांडी घातली, आन् कवळा घालून उचलायले तवाच दारात सावली पडली.

म्हातारा आत्याबाईचा मामा होता, त्याला नेयाला त्या बी आल्या होत्या. माझ्या लग्नात आला होता मनं, पर लग्नात मी कुनाचं तोंड वर करून बगितलं होतं?

आत्याबाई मला बगायल्या. मामाला बगायल्या. परत मला. पाठीमागं गाडी फुर्रफुर्र करायलीय. कायतरी बोलावं, काय बोलावं, आन् जे रोज ऐकत आले तेच तोंडातून निगालं, लई बारीक आवाजात, म्हाताऱ्याच्या कानात, "मन्नाएखेळ्ळी... मन्नाएखेळ्ळी... उठा अण्णा, गाडी लागली."

आत्याबाई मनल्या, "पुट्टी हितं शिकली व्हय?"

त्यांनी चप्पल काढली. आत आल्या, मामाच्या कपाळावरची इभूती बगितली, घातलेली मांडी बगितली, गुडघ्याला हात लावला. नरम होता. मग दुसऱ्या बाजूनं बसून खांदा धरला आन् मनल्या, "मान वाकडी झाली की गं. सरळ धर." आन् मग रडल्या.

आठ दिवस मी च्या करून म्होरं ठिवायचे, आत्याबाई त्यो पान्यावानी गार होस्तर बगत बसायच्या. नवव्या दिवशी उचलला, पेल्या, मनल्या, "साखर कमी हाय." मी भायेर येऊन बंगारक्काला फोन लावला, समदं सांगितलं. ती सगळं ऐकून मनली, "ते राहू दे. आवाज मोठा काढलास का बारीक? बारीक काढलास तर गाडी चुकती बग." आता कामाला जाताना आत्याबाईच पुट्टीला तयार करत्यात. पर शेजारनीला इचारलं तर आजून बी सांगत्यात, "सून बाळंतिनीच्या वार्डात हाय."

दवाखान्यात समदे मनत्यात जगदेवी लई धिराची. खरं सांगू का? दारात सावली पडली तवा माझी बोटं सैल झाल्ती. म्हातारा चार बोटं खाली सरकला होता. मला दारामागची जागा दिसत होती, तितं लपता येत होतं, कुनाला कळलं बी नसतं. मग बोटं परत कशी आवळली, ती मी आवळली का बंगारक्कानं, मला सांगता येत न्हाई. तुमी आसता तितं, पदरात लेकरू, दारात सासू, कवळ्यात म्हातारा, तर तुमी काय केलं आसतं?