नारळ ठेवून नेलेला लॉरीचा सांधा

ती चोरी आठवली की मला आजही हसू येते. १९३०च्या दशकातली गोष्ट आहे. मी तेव्हा रत्नागिरीला फौजदार होतो, आणि जिल्ह्यात लॉऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

बंदराजवळ राहणाऱ्या एका कौलांच्या व्यापाऱ्याची विधवा फिर्याद घेऊन ठाण्यात आली. नवरा वारून वर्ष झाले होते, आणि तेव्हापासून त्याची लॉरी अंगणात माडाच्या झापांच्या मांडवाखाली उभी होती. तिचा सांधा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणाऱ्या दांड्याचा जोड, कोणीतरी भर दुपारी खोलून नेला होता.

पंचनाम्याला गेलो. बाईंचा दीर पुढे झाला, त्याच्याकडून हकीकत विचारून घेतली. चोराने एक बोल्टसुद्धा इकडेतिकडे टाकला नव्हता. सगळे पुसून पुन्हा जागच्या जागी अडकवले होते. हे काम भुरट्याचे नव्हे, जाणकाराचे. आणि बॉनेटवर पानाचा विडा अन् शेंडीचा नारळ! हवालदार म्हणाला, "साहेब, चोर भाविक दिसतो." मी त्याला गप्प केले आणि नारळ मुद्देमालात घेतला.

चार दिवसांनी देवरूखच्या एका चहावाल्याने खबर दिली. तिथली त्याच बनावटीची एक जुनी लॉरी सांधा तुटून महिनाभर पडली होती. मुंबईच्या दुकानदाराने कळवले होते की हे मॉडेल बंद झाले, सांधा विलायतेहून येईल, सहा महिने धरा. तीच लॉरी परवापासून भात लादून चढणी चढत होती.

तिच्या ड्रायव्हरला ठाण्यात आणले. चाळिशीचा, सरळमार्गी दिसणारा माणूस. मालकाने त्याला बजावले होते, आठ दिवसांत गाडी चालली नाही तर घरी बस. आता चोरी शाबीत झाली तर तुरुंग, आणि सुटल्यावर कोण त्याच्या हाती गाडी देणार? मी दरडावले, तासभर उभा केला. पठ्ठ्या तोंड उघडेना.

मग माझी नजर टेबलावरच्या नारळाकडे गेली. आमच्याकडे मोठे झाड तोडायचे झाले तरी आधी नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात, परवानगी मागतात. मी आवाज उतरवून विचारले, "गाऱ्हाणं कोणाला घातलंस रे?"

त्याचा बांध फुटला. "जुन्या मालकांना, साहेब! त्याच गाडीवर त्यांनी मला शिकवलं. त्यांना सांगून घेतला. चोरी नाय केली."

मला त्याची दया आली. बाईंना बोलावून घेतले. वाटले, नवऱ्याचे नाव ऐकून विरघळतील. कसचे काय! त्या कडाडल्याच.

"गेलेल्या माणसाला विचारलंस, आणि मी जिती घरात बसलेली, मला विचारायला तुझी जीभ झडली होती काय मेल्या? गाडी आता माझी आहे!"

"बाईमाणसाला गाडीतलं काय विचारायचं, म्हटलं," तो पुटपुटला.

"मग आता विचार."

सगळे ठाणे टक लावून बघत होते. त्याने हात जोडले. "वैनी, सांधा घेऊ काय?"

"घे," बाई म्हणाल्या. "आधीच विचारतास तर चहा घेऊन गेला असतास."

फिर्याद नोंदलेली असल्यामुळे प्रकरण मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे न्यावेच लागले. त्यांनी तडजोडीला परवानगी दिली आणि माणूस सुटला. कचेरीच्या पायरीवर मी बाईंना म्हटले, "तुम्ही त्याला चांगला धडा दिलात."

त्यांनी पदर सावरला आणि माझ्याकडे पाहिले. "फौजदारसाहेब, पंचनाम्याला आलात तेव्हा तुम्हीसुद्धा सगळं माझ्या दिरालाच विचारत होतात. मी तिथंच उभी होते."

पुढे नोकरी संपेपर्यंत कोणाच्याही दारात गेलो, तरी आधी विचारायचो, यातले तुमचे काय गेले, बाई? आणि सांगतो, निम्मे तपास तिथेच लागले.