झाकणाच्या आतली चिठ्ठी

संगणकाचे झाकण उघडले की तो आधी आतल्या धातूच्या पट्ट्यांना पालथा हात लावायचा, आजारी मुलाच्या कपाळाला लावावा तसा. मग म्हणायचा, "अंगात कणकण शे, सर." काम संपले की चिठ्ठीवर काय केले ते लिहून, तारीख व सही करून, ती झाकणाच्या आतल्या बाजूला गोंदाने चिकटवायचा. कोणी कारण विचारले तर उत्तर ठरलेले: "उद्या दुसरा कोणी उघडील. त्याला खरं कळायला नको?"

आपणही असे कारागीर पाहिले असतील. हा मूळचा धुळ्याकडचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जळगावात, पिंप्राळ्यात, त्याचे संगणक-दुरुस्तीचे दुकान होते. दुकान म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि उघडी पडलेली यंत्रे. बोलता बोलता तो अहिराणीवर जायचा आणि मी शिक्षक आहे हे आठवून पुन्हा शुद्ध मराठीवर यायचा.

आमच्या शाळेत तेव्हा एकच संगणक होता. निकालपत्रके त्यावर निघत आणि ते काम माझ्याकडे होते. पुढच्या वर्षी दहा संगणकांची खोली व्हायची होती. तिची देखभाल याच्याकडे द्यावी, असे संस्थेचे अध्यक्ष आबा यांच्या मनात होते. "दहा यंत्रं हाती आली ना सर, दुकान मेन रोडवर नेतो," तो म्हणायचा.

दिवाळीनंतर मी त्याला म्हणालो, "याचा वेग वाढव. एका वर्गाचा निकाल काढायला अख्खा तास जातो."

इथे थोडे समजावून सांगतो. प्रोसेसरचा वेग हा एक गुणाकार असतो. प्रोसेसर ज्यावर बसतो त्या बोर्डाचा वेग सहासष्ट मेगाहर्ट्झ, गुणक तीन. म्हणून प्रोसेसर सुमारे दोनशे. आमच्या प्रोसेसरचा गुणक कारखान्यातच कुलूपबंद झालेला होता, तो हलत नसे. मात्र बोर्ड जुना होता. त्यावर धातूच्या काड्यांवर बसणारी, तुरीच्या दाण्याएवढी प्लास्टिकची एक टोपी, म्हणजे जंपर, असे. ती जागची काढून शेजारच्या काड्यांवर बसवली की बोर्डाचाच वेग पंच्याहत्तर होई आणि प्रोसेसर सव्वादोनशेवर जाई. परंतु मग त्या बोर्डावरच्या साऱ्यांनाच पळावे लागे; ज्या हार्ड डिस्कमध्ये गुण साठवलेले, तिलासुद्धा.

"नको सर," तो म्हणाला. "बैल एक दमदार, म्हणून बठ्ठी... सगळी गाडी पळवायची का?"

"मी विज्ञान शिकवतो. मला कळते."

तो हसला. "तुमचा शब्द. हिवाळाभर पळेल. होळी झाली की निरोप धाडा, मी टोपी मागे घेतो. आपल्याकडचं ऊन त्याला सोसायचं नाही."

त्याने चिठ्ठी लावली: 'सरांच्या सांगण्यावरून बोर्ड ७५ केला. होळीनंतर ६६ करावा.'

सहामाहीचा निकाल झरझर निघाला. वेग वाढवल्याचे आबांच्याही कानावर गेले, शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापक पाहायला आले. मला ते आवडले, हे कबूल करतो. होळी झाली, रंगपंचमी झाली. वार्षिक निकाल तेवढा काढून घेऊ, असे म्हणून मी निरोप धाडला नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी, संगणकाच्या पत्र्याच्या खोलीत, नववीच्या गुणांच्या जागी पडद्यावर निरर्थक चिन्हे आली. फ्लॉपीवरची प्रत पाहिली. तीही बिघडलेलीच उतरली होती. निकाल लांबला. शिक्षकांना उत्तरपत्रिका पुन्हा बाहेर काढून गुण नव्याने मांडावे लागले.

दुसऱ्या दिवशी आबा येणार होते, त्यालाही बोलावले होते. सकाळी लवकर जाऊन मी झाकण उघडले, चिठ्ठी सोडवली आणि खिशात घातली.

आबांसमोर त्याने झाकण काढले. हात सवयीने आतल्या बाजूला गेला. तिथे गोंदाचा चौकोन होता, चिठ्ठी नव्हती. त्याने त्या चौकोनावरून बोट फिरवले. मग माझ्याकडे पाहिले, फार वेळ नाही.

"वेग वाढवायला कोणी सांगितलं तुला?" आबांनी विचारले. "शाळेचं यंत्र आहे का जत्रेतला पाळणा?"

मी खिडकीकडे पाहत होतो.

"मीच केलं, आबा. चुकलं माझं."

त्याने टोपी जागेवर बसवली, पाठमोरा होऊन काहीतरी लिहिले, चिकटवले आणि स्क्रू आवळले. निघताना एवढेच म्हणाला, "पंखा पुसत जा, सर. धूळ धरतो."

दहा संगणकांचे काम दुसऱ्याला मिळाले. वर्षभरात पिंप्राळ्यातले दुकान बंद झाले. तो धुळ्याला परत गेला, असे शेजारच्या शिंप्याने सांगितले. परीक्षेच्या कामासाठी मी नंतर अनेकदा धुळ्याला गेलो. कोणाकडेही त्याची चौकशी केली नाही. ते झाकणही पुन्हा कधी उघडले नाही.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी तो संगणक भंगारात निघाला. भंगारवाल्याने झाकण काढून माझ्या हातात दिले. आत गोंदाचा रिकामा चौकोन तसाच होता. शेजारी पिवळी पडलेली चिठ्ठी होती, त्याच्या अक्षरातली:

'बोर्ड ६६ केला. आधीची चिठ्ठी सरांकडे आहे.'

खाली नेहमीप्रमाणे तारीख आणि सही.

"द्या ना सर ते झाकण," भंगारवाला दुसऱ्यांदा म्हणाला.