ओहोटीची वाट बघणारं गाव

ताई आमच्या न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या घरात प्रत्येक दारातून वाकून जायची. दारं चांगली उंच आहेत आणि ताई जेमतेम माझ्या खांद्याला लागते. तरी दाराशी आली की तिची मान आपोआप खाली जायची. मला वाटलं, ही तिच्याकडची अदबीची रीत असेल. एकदा विचारलंच.

"आमच्या घरी नाही वाकलं तर कपाळ फुटतं," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला निघून गेली.

हे घर आम्ही दोघींनी मिळून भाड्यानं घेतलंय. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, ती वृद्धांच्या रेस्ट होममध्ये. ती इंडोनेशियातली, जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरची, वयानं माझ्याहून बरीच मोठी. म्हणून मी तिला ताई म्हणते, आणि ती मला 'दिक' म्हणते. तिच्याकडे धाकट्या भावंडाला तसं म्हणतात. बोलणं इंग्रजीत, भांडणं इंग्रजीत, पण हाका अशा. स्वयंपाकघरात तिचा तेरासी नावाचा जवळ्याचा काळा गोळा आणि माझा सुका जवळा एकाच डब्यात असतात, कारण दोन्हींच्या वासानं शेजारची गोरी बाई एकसारखीच खिडकी लावून घेते.

तिच्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. तिनंच सांगितलं, "नाव घातलंस तर लोक बोटीतून फोटो काढायला येतात. एखादी बाई अंगण झाडत असेल तर म्हणतात, जरा पुन्हा झाडा."

ती लहान असताना तिथं भातशेती होती. बांधावर नारळ, घरामागे कोंबड्या. मग शेतात खारं पाणी शिरायला लागलं तेव्हा लोकांनी तळी खणली, मासे आणि कोळंबी पाळली. काही वर्षं बरी गेली. मग तळीच समुद्राला मिळाली. आता गावात शिरायला लांबलचक लाकडी फळ्यांची वाट आहे, नाहीतर बोट. गावाच्या अलीकडे महामार्ग, त्यावर कंटेनरांची रांग, रस्त्याला लागून कारखाने, आणि त्यांच्या पलीकडे, आत, अजूनही हिरवीगार भाताची खाचरं. खाचरातल्या लोकांना समुद्र दिसत नाही. गावातल्या लोकांना दुसरं काही दिसत नाही.

'समुद्र वर आला' असं म्हणून सगळे मोकळे होतात. मला ते वाक्य सहन होत नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आई-बाबा धरणग्रस्तांच्या चळवळीतले, मला अक्षरओळख झाली तीच उरलेल्या पत्रकांवरून. पाणी आपल्या पायांनी कुणाच्या घरात शिरत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. इथंही समुद्र चढतोय हे खरं, पण जमीनही खचतेय. आसपासचे कारखाने आणि शहर मिळून खोलवरून पाणी उपसतात आणि वरची माती बसते. त्या कारखान्यांत कपडे शिवायला जातात त्या याच गावच्या मुली. पहाटे बोटीत बसतात, बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून, म्हणजे गेटवर कोरडे निघावेत. आपल्या मराठी लोकांच्या जेवणावळीत समुद्राचा विषय निघतो तो कुणाच्या नव्या घरातून तो किती छान दिसतो एवढ्यापुरता. मी एकदा ताईच्या गावाचं सांगायला लागले, तर एक काका म्हणाले, "अगं, श्रीखंड घे आधी."

आणि ती वाकायची गोष्ट. पाणी घरात आलं की तिथले लोक भराव घालून जमीन वर उचलतात. दोन-तीन वर्षांत पाणी पुन्हा येतं, जमीन पुन्हा वर. भिंती त्याच, छप्पर तेच. खिडकीची चौकट हळूहळू पायाशी येते, दाराची खिडकी होते, मोठी माणसं घरात गुडघ्यांवर चालतात. छप्पर उचलायला पैसा लागतो, जमीन उचलायला फक्त पाठ. अशी ती माणसं घर वाचवता वाचवता घरच पुरून टाकतात.

ताईचे वडील त्या घरात एकटे राहायचे. धाकटा भाऊ बायकोमुलांना घेऊन महामार्गापलीकडच्या कोरड्या वसाहतीत गेला होता. दर रविवारी व्हिडिओ कॉल. मी त्यांना बापाक म्हणायचे, तिकडे वडिलांना आणि वडीलधाऱ्यांना तसंच म्हणतात. ते मांडी घालून बसलेले आणि डोक्यावर टेकल्यासारखं छप्पर. ताई मध्ये बसून दोन्हीकडचं भाषांतर करायची.

"हिचं लग्न झालं का?"

"नाही, बापाक."

"मग सांग तिला, गावात एक मुलगा आहे. स्वतःची बोट आहे."

"विचार, बोट मला मिळणार का."

"बोट नाही, गळती मिळेल," म्हणून ते इतके हसायचे की फोन हलायचा.

भाऊ त्यांना न्यायला कितीदा गेला. एकच उत्तर, "तुझी आई आहे इथं." रमजानच्या आधी तिथं सगळं गाव कब्रस्तानात जमतं, कबरी साफ करतात, डबे आणून एकत्र जेवतात. आता साफ करणं म्हणजे बोटीतून मातीची पोती आणून कबर उंच करणं आणि खुणेची लाकडी फळी उपटून पुन्हा वर रोवणं. ताईच्या आईची कबर अशी कितीतरी वेळा उचलली होती. बापाक म्हणायचे, "मी वर वर, ती खाली खाली. संसारात कधी एवढं अंतर नव्हतं आमच्यात."

ते गेले तेव्हा शनिवार होता. ताई मिरची आणि तेरासी कुटत होती. भावाचा फोन आला. बापाक पहाटेच्या नमाजाला उठले नव्हते.

ताईनं बत्ता खाली ठेवला, हात धुतले, मग फोन स्पीकरवर टाकला. भाऊ पुढे काय बोलत होता ते ती मला वाक्यावाक्याला सांगत गेली, जणू रविवारचाच कॉल. दफन आजच व्हायला हवं. दुपारी ओहोटी आहे, खणायची माणसं आत्ता निघाली तरच होईल. "इथं वसाहतीत पुरू का? जमीन कोरडी आहे. तिकडे हातभर खणलं की पाणी लागतं. तू मोठी आहेस, तू सांग."

ताईनं माझ्याकडे बघितलं. "तू काय म्हणतेस, दिक?"

"तिथंच," मी म्हणाले. "आईशेजारी. गाव मिटवायचं असलं की आधी तिथली मढी हलवतात, ताई. कबरी राहिल्या तर कुणी म्हणू शकत नाही की तिथं गाव नव्हतं."

हे मी आजही म्हणेन.

"तू गावाचं सांगतेस," ती म्हणाली. "मी बाबांचं विचारतेय. पाण्यात ठेवू त्यांना?"



तिनं भावाला विचारलं, "काल काय बोलले ते?"

"छप्पर गळतंय म्हणाले."

"आणि?"

"आणि म्हणाले, मी बांधलंय, गळणारच."

बहीणभाऊ दोघंही हसले आणि हसता हसताच दोघांचं रडू फुटलं. मग ताई म्हणाली, "आईकडे ने."

दुपारी व्हिडिओ कॉल लागला, तिकडे भावजयीनं फोन धरला होता. घरात कुणाला उभं राहता येत नव्हतं, म्हणून खांदेकरी गुडघ्यांवर आले आणि तिरडी सरकवत सरकवत खिडकीतून बाहेर काढली. बाहेर मात्र ती खांद्यावर चढली. मशिदीत नमाज झाला, मग सगळे थांबले. पाणी उतरायची वाट बघत एवढी माणसं फळ्यांवर गप्प उभी होती. मी आयुष्यात मोर्चे पाहिलेत, धरणे-आंदोलनं पाहिलीत. एवढी शिस्तीची गर्दी पाहिली नाही, आणि इतकी हताशही.

खड्डा खणला तर पाणी आलंच. बादल्यांनी उपसायला लागले. उपसलं की पुन्हा झिरपायचं. शेवटी भाऊ गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्यानं वडिलांना हातांवर घेतलं. ताई एकदम ओरडली, "गोळे! गोळे कोरडे आहेत का?"

तिच्याकडे मातीचे गोळे वळून डोक्याखाली, पाठीमागे देतात, म्हणजे देह कुशीवर टिकतो.

"कोरडे आहेत, ताई."

"कुठल्या मातीचे?"

"माझ्या अंगणातल्या. सकाळीच वळले."

ती खुर्चीत मागे टेकली. "डोक्याखाली दोन ठेव," ती हळूच म्हणाली. भावानं दोन ठेवले. वर फळ्या, मग बोटीतली माती.

सोमवारी ती कामावर गेली. रेस्ट होममधल्या म्हाताऱ्यांना अंघोळी घालून संध्याकाळी आली आणि जाकीटही न काढता तिनं भावाला फोन लावला. तो कारखान्यातली सकाळची पाळी संपवून परतताना गावाकडे वळला होता. भरती होती.

"आईची फळी दिसते?"

"टोक दिसतंय."

"बाबांची?"

"अर्धी."

ताईनं जाकिटाची चेन उघडली. मग म्हणाली, "रोज बघून सांगशील?"

"रोज कसं जमेल, ताई? कामाच्या वेळा आहेत."

"बरं," ती म्हणाली. "मग ओहोटीला बघत जा. ओहोटीला बघून सांगत जा मला."