दत्ताच्या सायकलचा व्हॉल

खालच्या किराणावाल्याकडे आमचा पीपी नंबर होता. तिथून हाक आली तेव्हा मी अंघोळीला निघालो होतो. फोनवर दत्ताचा मेहुणा. "संपलं रे सगळं," एवढंच म्हणाला. त्याला आता पाच आठवडे झाले. भेटेल तो सांगतो, तू त्याचं फार केलंस... आणि मला मान वर करवत नाही.

दत्ता परब मूळचा मालवणकडचा, मरोळच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर टर्नर. अंधेरीच्या चाळीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. वीस वर्षं तो सायकलने कामावर गेला आणि त्या सायकलला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला खपत नसे. रोज संध्याकाळी हवा भरून ट्यूबच्या व्हॉलचा नट तो बोटांनीच आवळायचा. मी एकदा पक्कड पुढे केली, तर अंगावरच आला. "ट्यूबची मान तुटात. बोटाक कळता, पकडीक काय कळतला?" सकाळी निघताना बोटावर थुंकी घेऊन व्हॉलच्या तोंडाला लावायची आणि वाकून बघत राहायचं. बुडबुडा आला नाही की स्वारी खूश. झाली का पूजा, म्हणून आम्ही त्याला चिडवायचो.

गेल्या दिवाळीनंतर एका पहाटे दूध केंद्रावरून बाटल्या घेऊन येताना जिन्याखाली त्याच्या सायकलचं पुढचं चाक बसलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हात लावून पाहिलं, तर नट नुसता टेकवलेला. संध्याकाळी मी जिन्यातून त्याला बघत उभा राहिलो. तो नट आवळत होता आणि बोटं त्यावरून घसरत होती. घसरताहेत हे त्याला कळतही नव्हतं. बोटं गेलेल्या टर्नरला कोण ठेवून घेणार? विचारलं, तर हात मागे घेत म्हणाला, "थंडीचं असेल रे. कोणाला बोलू नको हां."

मी नाही बोललो. उलट शहाणपणा केला. रोज पहाटे, तो उठायच्या आत, पंपाने चार दट्टे हवा मारून नट आवळायचा आणि गुपचूप वर यायचं. त्याची अब्रू राहावी, एवढंच मनात होतं. पण पुढे पुढे जिना उतरायची भीती वाटायला लागली. नट आदल्या दिवसापेक्षा सैल असायचा. एकदा तर तो जमिनीवर पडलेला सापडला... तरी मी उचलून बसवलाच. असे तीन महिने गेले.

मग तो मशीनपाशीच कोसळला. डोक्यात गाठ निघाली. बोटं बधिर व्हायला लागली तेव्हाच आला असता तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

परवा दत्ताच्या खोलीत वहिनींकडे बसलो होतो. त्या आपणहून बोलायला लागल्या. "मी किती मागे लागले होते, भाऊजी, दवाखान्यात चला म्हणून. पण रोज सकाळी व्हॉल बघायचे आणि खालूनच हाक मारायचे, 'बुडबुडो नाय गो. माझी बोटां बरी आसत.' मग मीपण गप्प बसायचे."

मी चहा तसाच ठेवून उठलो. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितो आहे. वहिनी, तो नट रोज मी आवळत होतो.